वाघरीत न बोललेलं दुखणं

बिरदेव मारकड पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो टोचणीच्या दिवशी. शेळगावच्या शाळेत मी तेव्हा नवीन होते. तालुक्याहून कंपाउंडर आले होते, व्हरांड्यात स्पिरिटच्या दिव्यावर सुया उकळत होत्या आणि मुलं आपापल्या स्वभावाप्रमाणे रडत होती. कोणी टोचल्यावर, कोणी टोचायच्या आधीच. रांगेच्या शेवटी एक सावळा, रुंद कपाळाचा मुलगा होता. त्यानं दंड पुढे केला, सुई आत गेली, बाहेर आली. त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"दुखलं का रे?" मी विचारलं.

त्यानं एकदा वर्गातल्या मुलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दंड धरून शाळेबाहेर चालू लागला. मला वाटलं, घरी निघाला. मी मागोमाग गेले. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. तो त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला, ओठ दगडाला टेकवले, तोंडाभोवती ओंजळ धरली आणि काहीतरी पुटपुटला. मग उठला, चड्डीची माती झटकली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसला. जणू पाणी पिऊन आला होता.

"बाई, त्ये दगडाशी बोलतंय," एक पोर म्हणालं.

"तुझ्यापरास दगड बरा म्हणून," दुसऱ्यानं सुनावलं, आणि वर्ग हसला. बिरदेवही हसला, तोंडावर हात ठेवून.

पुढच्या बाजाराला त्याची आई, बानूबाई, भेटली. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या वाघरीत दुखणं बोलत न्हाईत, बाई."

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. पण बानूबाईच्या बोलण्यात, त्या जाळीच्या आसपास एकत्र श्वास घेणारं सगळं, मेंढरं, कुत्री, माणसं, मिळून वाघर.

"बोललं की ऐकणाऱ्याच्या अंगात जातं. ज्याला शास न्हाय त्याला सांगायचं. दगडाला, न्हायतर वाळल्या लाकडाला."

शास म्हणजे श्वास. शेळगावात मेंढपाळांची पुष्कळ घरं होती, त्यांतली बरीच आता शेतीला लागली होती. ही रीत मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिली नाही. ती मारकडांच्या त्या एका घरातली होती. मी तेव्हा तरुण होते. हसून सोडून दिलं.

वर्गात बिरदेव फारसा बोलायचा नाही. पण दारातूनच एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचा, आणि कोण आलेलं नाही हे मी हजेरी घेण्याआधी त्याला ठाऊक असायचं. कुणी पडलं, खरचटलं, तर पाणी आणायला हाच उठायचा. मॅट्रिक होऊन तो हवाई दलात भरती झाला आणि दवाखान्याच्या कामाला लागला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

सुट्टीवर आला की तो मला भेटून जायचा. एकदा त्याच्याबरोबर त्याचा चुलता दत्तोबाही आला होता. दत्तोबाला पुतण्याच्या नोकरीचा काही केल्या उलगडा होत नव्हता.

"इमानात बसतोस का?"

"न्हाय, तात्या. आमचं काम जमिनीवर."

"मग पगार कशाचा?"

"जमिनीवर बसून आभाळात जायाचा."

"बाई, ह्याला शाळेत काय शिकवलंत तुमी?" दत्तोबा म्हणाला. "ह्यो खोटं बोलतोय ते बोलतोय, वर म्हैसूरपाक आणून बोलतोय."

मग बिरदेवनं समजावून सांगितलं. त्यांच्या ठाण्यावर एक पोलादी खोली होती. तिला ते डबा म्हणायचे. दार लावून पंपानं आतली हवा ओढून घेत, म्हणजे आत बसलेला माणूस जमिनीवर असूनही त्याच्या शरीराला वाटे की आपण फार उंच आभाळात आहोत. शिकाऊ वैमानिकांना त्यात बसवून सवय करत. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस आत लागे. तो बिरदेव.

"गोटी सोडा फोडला की बुडबुडे येत्यात, तसंच आपल्या रक्तात हाय, बाई," तो म्हणाला. हवेतला एक वायू रक्तात मुरलेला असतो. भोवतालचा दाब एकदम कमी झाला की तो बुडबुडे होऊन सुटतो आणि सांध्यांत जाऊन बसतो. खांद्यात, गुडघ्यात. वाईट असलं तर पाठीच्या कण्यात. वर जाण्याआधी नुसता प्राणवायू ओढत बसलं तर मुरलेला वायू हळूहळू निघून जातो. पण किती वेळ ओढला म्हणजे पुरे, किती उंचीवर किती थांबलेलं चालतं, हे पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. बेळ्ळीअप्पा म्हणून त्यांचे डॉक्टर साहेब होते, कुर्गचे. ते त्याचंच कोष्टक बांधत होते. इतकी उंची, इतका वेळ, इतका प्राणवायू, तर शंभर माणसांतल्या कितीजणांना दुखेल.

"आणि कुणाला दुखेल?" मी विचारलं.

"ते कोष्टकात येत न्हाय. किती, तेवढंच येतं. कोण, ते आत बसल्यावर कळतं."

त्यानं हे साध्या सुरात सांगितलं. दत्तोबा मात्र आपला गुडघा चोळू लागला.

बिरदेव पुढे बोलत होता. डब्याच्या छताला एक रबरी हातमोजा टांगलेला असे, मनगटाशी गाठ मारलेला. दाब कमी झाला की हवा कशी फुगते हे मुलांना दाखवायला. जमिनीवर असताना तो सुकलेल्या शेंगेसारखा लोंबायचा. वर जाऊ तसं त्याचं एकेक बोट भरायचं, ताठ व्हायचं, आणि शेवटी अख्खा हात तळवा पुढे करून उभा राहायचा.

"कुणाचाच न्हाय तो हात. पर आपल्याला थांब म्हणल्यासारखा."

"भीती नाही वाटत?"

"मी त्याच्याकडं बघत न्हाय, बाई. माणसांकडं बघतो."

दर वेळी वर असताना आणि खाली आल्यावर साहेब प्रत्येकाला विचारत, दुखतं का? उत्तर कोष्टकात जाई. बिरदेवला कधीच दुखत नसे. साहेब त्याला लोखंडाचा माणूस म्हणत. मीही कौतुकानं ऐकलं.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा मी निवृत्त होऊन शेळगावातच राहिले होते. भर दुपार होती. त्यानं चहाचा कप डाव्या हातानं घेतला. तो डावखुरा नव्हता, त्याचं अक्षर मी घडवलं होतं. मी आत लाडवांचा डबा काढायला गेले आणि परत आले तर ओसरीवर कुणी नव्हतं.

परसात तो पाट्यासमोर उकिडवा बसला होता. तोंड दगडाला टेकवलेलं. मी मागे फिरायला हवं होतं, पण पाय हलले नाहीत.

"उजव्या खांद्यात," तो म्हणत होता. "हाडाच्या आत. वर जाताना किरकिरतं, मग कुणी हात घालून पिळल्यावानी होतं. आता खाली आलं तरी जात न्हाय."

सकाळी मी त्या पाट्यावर चटणी वाटून तो धुतला होता. त्याच्या खळग्यात थोडं पाणी साचलं होतं. बिरदेवच्या श्वासानं ते थरथरत होतं. तो बोलायचा थांबला, मागे सरकला, तरी ते थोडा वेळ थरथरत राहिलं. वारा नव्हता.

त्यानं मान वळवली आणि मला पाहिलं.

"बाई, तुमी ऐकलं?"

"थोडंसं."

"ऐकायला नगं हुतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि भीती स्वतःसाठी नव्हती हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी त्याला ओसरीवर आणून बसवलं. त्यानं सदऱ्याची बटणं काढली. उजव्या छातीवर आणि खांद्यावर निळसर जांभळ्या रेषांची जाळी उमटली होती, संगमरवरात असते तशी. मी खांद्यावर तळवा ठेवला आणि हात हलवायला सांगितला. कातडीखाली काहीतरी करकरलं. उसाच्या वाळलेल्या पाचटावरून कुणी हलक्या पावलांनी चालत जावं, तसं.

"कधीपासून?"

"पहिल्यांदा वर गेलो तवापासनं."

"आणि साहेबांना नाही म्हणून सांगत आलास?"

"डबा म्हंजे वाघरच की, बाई. एका हवेत सगळी. तितं कसं बोलायचं? भाईर आलो की भिंतीला सांगत हुतो."

"साहेब तर बाहेर असतात."

"सायबाला शास हाय की."

त्याच्या आवाजात विनोद नव्हता, हट्ट नव्हता. हात भाजेल म्हणून आपण चुलीत घालत नाही, तितकं ते त्याच्यासाठी सरळ होतं.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. कोष्टकात त्याच्या नावापुढे सगळी पूज्यं पडली होती. आत बसणाऱ्या माणसांसाठी साहेबांनी जी ओळ बांधली होती, ती मुख्यतः त्याच्यावरून, कारण सगळ्यात जास्त वेळा तोच वर गेला होता. आता त्या ओळीप्रमाणे पुढची चाचणी व्हायची होती. उंची जास्त, प्राणवायू कमी वेळ, दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती थोडी. आणि पुढच्या आठवड्यात तीत बसणार होता संभाजी. लासुर्ण्याचा, ऊसवाल्या घरातला. बिरदेवचा गणवेश पाहून तो हवाई दलात गेला होता आणि योगायोगानं त्याच्याच हाताखाली आला होता.

"मीच त्याला पहिल्या दिशी सांगितलं, आत काय झालं तर बोलायचं न्हाय. माझं ऐकतो तो. बाई, तो लोखंडाचा न्हाय. मीबी न्हाय. कोष्टकाला ते ठावं न्हाय."

"मग आजच कळव."

तो पाट्याच्या दिशेनं पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "आईकडं चला. रीत तिची, तिनंच सोडायला पायजे. तुमी तिला सांगा. मला तिच्यासमोर बोलता येनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पळसदेवला गेलो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळावर हिरवं उगवतं, म्हणून मारकडांची मेंढरं तेव्हा तिकडे असायची. एसटीतून उतरून चालत गेलो. पाणी पांढरं, सपाट, डोळ्यांना टोचणारं. जुनं देऊळ कंबरेपर्यंत वर आलं होतं. खांबांवर पाण्याच्या रेघा होत्या आणि कळसावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मासे पकडणाऱ्यांच्या होड्या लांब होत्या. कुठेच आवाज नव्हता.

मेंढरं आडवाटेनं आमच्याकडे येत होती. बिरदेव पुढे झाला आणि ती दुभंगली. घाबरून पळाली नाहीत, हाकलल्यासारखी नाहीत. नुसती त्याच्यापासून बाजूला झाली, आणि तो चालेल तसं त्याच्याभोवती मोकळं रिंगण चालत राहिलं. लहानपणी ह्याच कळपात तो झोपलेला मी पाहिलेला होता.

मग मला ते दिसलं. बऱ्याच मेंढ्या लंगडत होत्या. सगळ्या उजव्या पुढच्या पायानं.

"खुरी हाय म्हणतो डाक्टर," कळपामागून आलेला दत्तोबा म्हणाला. "मी म्हणलं, सायेब, खूर तर तुमच्या टकलावानी साफ हाय, खुरी कुठंय? म्हणतो, आत असंल. आत काय असंल ते त्यालाबी दिसंना आन् मलाबी."

मी एकीचा पाय उचलून पाहिला. खरंच स्वच्छ होता. सूज नाही, जखम नाही, वास नाही. पाय सोडला तर तो तिनं जमिनीला लावला नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"कवापासनं?" बिरदेवनं विचारलं.

"तू रजेवर आलास त्या दिसापासनं," दत्तोबा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून दुसरीकडे पाहू लागला.

बानूबाई बाभळीखाली बसली होती. पार म्हातारी झाली होती, पण नजर तीच. तिनं मुलाला जवळ बोलावलं नाही.

"काय आणलंयस तितनं?"

त्याचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला.

"मला सांगू नगंस. त्याला सांगून ये." तिनं देवळाकडे हात केला. "वरसाचं आठ महिनं पाण्याखाली असतंय ते. त्याच्यापरास निबर दगड हितं न्हाय."

बिरदेव पाण्यात उतरला. गुडघाभर, मग मांड्याभर. एका खांबाला त्यानं डाव्या हातानं मिठी मारली आणि तोंड दगडाला लावलं. काठावर काही ऐकू येत नव्हतं. खांबाभोवतीच्या पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले. बारीक, एकामागून एक, गोटी सोड्यात येतात तसे. गाळात पाय पडला की आतला कुजका वायू सुटतो, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. पण बिरदेव बोलून परत काठावर आला, ओल्या धोतरानं माझ्याजवळ बसला, तरी तिथे बुडबुडे येतच होते.

आम्ही वाट पाहिली. कळपाच्या पुढे चालणारी, गळ्यात घंटा असलेली मेंढी चरत होती. ती थांबली. तिनं उजवा पाय उचलला आणि खाली ठेवला नाही. घंटा एकदाच वाजली.

"घेतलं न्हाय त्यानं," बानूबाई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आता मी बोलायला हवं होतं. पण मुलाचं दुखणं आईला सांगायचं, तर ते तिच्या रीतीप्रमाणे तिच्या अंगावर घालण्यासारखं होतं. मी तिला वेगळंच विचारलं.

"बानूबाई, एखाद्या मेंढीनं लंगडणं दाखवलंच नाही तर?"

"असती तसली एखादी," दत्तोबाच म्हणाला. "दुखत असलं तरी मधीच चालती. खाती, पिती. आन् एक दिस पडती."

"ती एकटी पडत न्हाय," बानूबाई म्हणाली. "राखणारा तिच्याकडं बघून कळप हाकतो. म्हणतो, ही चालती तर अजून थोडं चालवू. मग तिच्या मागची कवळी पडत्यात. लपवणारी मेंढी कळप नासवती, बाई. आमी तिला..."

ती मध्येच थांबली. आपलेच शब्द तिला ऐकू आले असावेत. ती मुलाकडे वळली.

"तुझ्या मागं कोण चालतंय तितं?"

"संभाजी. लासुर्ण्याचा."

"त्या सर्जेरावाचा?"

"व्हय."

"राखणारा कोण हाय?"

"साहेब."

"ऊठ मग. त्याला सांग."

"आये, त्याला शास हाय."

"असंल!" ती काठी टेकून उभी राहिली. "राखणाऱ्यानं घ्यायचंच असतंय. त्यासाठीच त्यो राखणारा. मी मेंढरं माळाच्या पल्याड नेते. तुझा आवाज येनार न्हाय हितवर."

ती आणि दत्तोबा कळप घेऊन निघाले. बिरदेव आणि मी हमरस्त्यावर आलो. तिथे माऊली नावाच्या माणसाचं एसटीडी बूथ होतं, काचेची पेटी, आत खुर्ची आणि भिंतीवर बंद पंखा.

बिरदेवनं त्याला बाहेर जायला सांगितलं.

"का? काय चोरीचं बोलायचंय?"

"दुखण्याचं."

"मग काय झालं? सगळी दुखण्याचंच बोलत्यात हितं. कुणाची सून, कुणाचा मूळव्याध. मला सगळ्या गावाचं पाठ हाय."

"माऊली, बाहेर या," मी म्हटलं. बाईंचा आवाज ऐकला की मोठी माणसंही उठतात. तो टपरीच्या सावलीत जाऊन बसला. मी काचेच्या बाहेर उभी राहिले.

रिसीव्हर त्यानं डाव्या हातात धरला. बराच वेळ लाइन लागली नाही. मग लागली. त्याचे ओठ हलले, थांबले. त्यानं माझ्याकडे पाठ केली, कपाळ भिंतीला टेकवलं. एवढी जुनी सवय. पण मग तो मुद्दाम भिंतीपासून दूर झाला, सरळ उभा राहिला आणि रिसीव्हरमध्ये बोलला. काचेतूनही मला शब्द कळले.

"दर्द है, साब. शुरू से है."

पुढचं मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्यानं दार उघडलं. घामानं निथळत होता.

"बाई, चाचणीचा दिवस अलीकडं घेतला त्यांनी. संभाजी आत हाय. साहेब फोन तसाच टाकून पळालं, त्याला खाली आणायला."

त्यानं रिसीव्हर माझ्या कानाजवळ धरला. लांबून हवा आत घुसण्याचा मोठा घोंघाट येत होता, पाटाचं दार उघडल्यावर पाणी यावं तसा. आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. आत, बाहेर.

"कौन है?" बिरदेवनं विचारलं.

उत्तर आलं नाही. श्वास तसाच चालू राहिला. मग पावलं वाजली, साहेब आले, आणि तो श्वास थांबला. बिरदेवनं त्यांना विचारलं, फोनपाशी कोण होतं? साहेब म्हणाले, खोलीत कुणी नव्हतं, सगळे डब्याकडे धावले होते.

साहेबांनी सांगितलं ते असं. संभाजी वरून खाली येईपर्यंत अंगठा उंचावून ठीक असल्याची खूण करत होता. प्राणवायूचा मुखवटा काढल्यावर त्याचा उजवा हात लोंबत राहिला. तरी साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, काही नाही, दुखत नाही. चेहरा राखेसारखा. कुठे दुखतं ते कळल्याशिवाय उपचार किती तातडीचा ते ठरत नव्हतं, आणि तो सांगायला तयार नव्हता.

"साब, उसको बोलो," बिरदेव ओरडलाच, "बिरदेवने बोल दिया! मराठी में बोलो उसको, बिरदेव बोलला. आता बोललेलं चालतं."

कुर्गच्या त्या साहेबांनी ते मराठी वाक्य दोनदा घोकून घेतलं आणि परत गेले. या वेळी रिसीव्हरमधून श्वास ऐकू आला नाही. बिरदेव उभा होता. माऊली सावलीतून उठून काचेला नाक लावून पाहत होता.

साहेब आले. संभाजीनं तोंड उघडलं होतं. खांदा तर होताच, पण दोन्ही पावलं बधिर झाली होती आणि बधिरपणा वर सरकत होता. म्हणजे बुडबुडे पाठीच्या कण्यात पोचले होते. बुडबुडे पुन्हा रक्तात मुरावेत म्हणून त्याला लगेच जास्त दाबाच्या दुसऱ्या टाकीत नेलं. उशीर झाला असता तर तो पुन्हा चालला नसता, असं साहेबांनी नंतर बिरदेवला सांगितलं.

ऊन कलायच्या आत आम्ही माळापलीकडे गेलो. कळप चरत होता. सगळी मेंढरं चारी पायांवर.

"औषध लागू पडलं," दत्तोबा म्हणाला.

"कधी टेकला पाय?" मी बानूबाईला विचारलं.

"मघा. एकदम. सगळ्यांनी." तिनं जास्त काही सांगितलं नाही. आणि मेंढरं बिरदेवच्या पायांत घुटमळू लागली तेव्हा ती पदर डोळ्यांना लावून पाठमोरी झाली.

संभाजी त्या पावसाळ्यात काठी टाकून चालू लागला. उजव्या हाताची दोन बोटं त्याची अजून झोपलेली असतात. ऊस लावण्याच्या दिवसांत तो वडिलांबरोबर शेतावर दिसतो. सर्जेराव आधी मारकडांच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलले. नंतर बानूबाई गेली तेव्हा खांदा द्यायला पुढे तेच होते.

बेळ्ळीअप्पा साहेबांनी बिरदेवला परत बोलावून घेतलं. त्याच्या नावापुढची सगळी पूज्यं खोडली आणि एका खोलीत समोर बसवून पहिल्यापासून एकेक फेरी विचारली. कुठे दुखलं, किती, किती वेळ. तो सांगत गेला आणि ते लिहीत गेले. कोष्टक नव्यानं बांधलं. त्यात प्राणवायूचा वेळ वाढला, उंची उतरली, दोन फेऱ्यांमध्ये मोठी विश्रांती आली. एक्स-रेमध्ये बिरदेवच्या खांद्याच्या हाडात एक डाग निघाला. हवाई दलानं त्याला आजारपणाच्या कारणावरून घरी पाठवलं.

माझा उजवा खांदा त्या उन्हाळ्यापासून दुखतो. इंदापूरचे डॉक्टर म्हणतात, वयानं होतं. होत असेल. मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, तेही जरा बिचकतच.

बिरदेव आता बारामतीला एका दूध डेअरीत बॉयलरवर मदतनीस आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत बायको जयवंताबरोबर राहतो. पाळी बहुतेक दुपारची असते, आणि तो सायकलनं जातो.